हौसेची धूळ

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. मीही पस्तीस वर्षें मुलांना तोच इतिहास शिकविला. आज मात्र मला एका निराळ्या इतिहासाविषयीं बोलावयाचें आहे. हातांनीं बारीक काम करणाऱ्या माणसांच्या श्वासांत, रक्तांत आणि हाडांत त्यांचें स्वतःचें कामच कसें शिरत गेलें, आणि हें जगाला उमगावयास किती काळ लागला, त्याचा हा इतिहास आहे. मी वैद्य नव्हें. मॅट्रिक झालेला आणि आतां साठी ओलांडून घरीं बसलेला एक शाळामास्तर आहें. हा विषय मीं हौसेनें निवडलेला नाहीं. माझ्या एका स्नेह्याच्या मृत्यूनें तो मला वाचावयास लावला.

मंगळवेढ्यास आम्हां दोघांना एकच छंद होता. जुन्या इमारतींच्या प्रमाणशीर लहान प्रतिकृति करणें हा तो छंद. माझा आरंभ शाळेंतल्या दिवाळीच्या किल्ल्यापासून झाला. मुलांना माती कालवावयास, बुरूज थापावयास आणि हळीव पेरून डोंगर हिरवा करावयास शिकवितां शिकवितां मीच त्यांत गुंतलों. माझे स्नेही एका कचेरींत कारकून होते. गांवांत लहानथोर सारे त्यांना अण्णा म्हणत. त्यांचा हात माझ्याहून फार वरच्या प्रतीचा. मी खेळणीं करीत असें, ते इमारती करीत. विजापूरच्या गोल घुमटाचा व्यास बाहेरून सुमारें ४४ मीटर आहे. अण्णांच्या मेजावर तो शंभरास एक या प्रमाणानें ४४ सेंटिमीटरांचा झाला, आणि त्यांत कोठें दोरीइतकाही फरक सांपडावयाचा नाहीं.

त्यांची कामाची जागा म्हणजे माडीवरची एक लहानशी खोली. तिला एकच खिडकी, आणि तीही बहुधा लावलेली. कारण वाऱ्यानें पूड उडते आणि ओल्या रंगावर कचरा बसतो. भिंतींना दगडाचा पोत यावा म्हणून ते ओढ्यांतली गारगोटी आणून खलबत्त्यांत कुटीत आणि वस्त्रगाळ करून वापरीत. लांबी भरून वाळली म्हणजे पॉलिशपेपरानें तासन्‌तास घासत बसत. थिनरची बाटली मेजावर उघडीच असे. कुंचल्याचे केस पसरले कीं तो ओठांत धरून त्याला टोक काढीत. त्या खोलींत मीही कितीदां तरी बसलों आहें, आणि त्यांच्या हाताची तारीफ करतां करतां “अण्णा, वारा येतो आहे,” असें म्हणून मीच उठून खिडकी लावली आहे. ही गोष्ट मला आतां विसरतां येत नाहीं.

पुढें त्यांना कोरडा खोकला लागला. माणूस निर्व्यसनी, विडी नाहीं, तंबाखू नाहीं. प्रथम सर्दी म्हणून औषधें झालीं, नंतर क्षयावरचीं औषधें कित्येक महिने झालीं, पण जिना चढतांना लागणारी धाप वाढतच गेली. प्रत्येक ठिकाणीं त्यांना विचारण्यांत आलें, “काय काम करतां?” आणि प्रत्येक ठिकाणीं त्यांनीं प्रामाणिकपणें उत्तर दिलें, “कारकून होतों. कागदांचें काम.” मी शेजारीं उभा होतों. मलाही त्याहून अधिक कांहीं सांगावें असें सुचलें नाहीं. आमच्या लेखीं तें काम नव्हतेंच, ती हौस होती. अखेर एका तरुण डॉक्टरांनीं सहज विचारलें, “रिकाम्या वेळीं काय करतां, आजोबा?” अण्णा एकदम खुलले आणि गारगोटीपासून घुमटापर्यंत सर्व हकीकत सांगूं लागले. डॉक्टर ऐकत राहिले आणि शेवटीं एवढेंच म्हणाले, “हें मला आधीं कळावयास हवें होतें.” तेव्हां उशीर झालेला होता. गेल्या खेपेच्या माघांत अण्णा गेले. त्यांचीं फुप्फुसें वणांनीं घट्ट झालीं होतीं, असें सांगण्यांत आलें. त्यांत गारगोटीचा भाग किती आणि इतर कारणांचा किती, हें डॉक्टरांनीं ठामपणें सांगितलें नाहीं, आणि मीही सांगणार नाहीं. परंतु तो प्रश्न वेळेवर कोणी विचारला नाहीं, एवढें मात्र खरें. तो प्रश्न वैद्यकांत आला केव्हां आणि आमच्या माडीपर्यंत पोंचला कां नाहीं, याचा शोध घेतांना मला जें सांपडलें तें आपणांपुढें ठेवतों.

लहान प्रतिकृति करण्याची आवड फार जुनी आहे. मिसर देशांत मेकेत्रे नांवाच्या अधिकाऱ्याच्या थडग्याचें १९२० सालीं उत्खनन झालें, तेव्हां त्यांत लांकडाचीं रंगवलेलीं इवलींशीं घरें, नावा, गोठा, भटारखाना आणि विणकरांची कार्यशाळासुद्धां निघाली. तीं सुमारें चार हजार वर्षांपूर्वींचीं आहेत. आपल्याकडे मुंबईस १८७२ सालीं लोकांना खुल्या झालेल्या, आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयांत शहराचे नमुने आणि निरनिराळ्या धंद्यांतल्या माणसांच्या मातीच्या लहान मूर्ति पाहावयास मिळतात. पुण्यास कोथरूडमध्यें छोट्या आगगाड्यांचें एक संग्रहालय १९९८ पासून आहे. एका माणसाच्या हौसेंतून तें उभें राहिलें. आणि दिवाळींत ज्याच्या अंगणांत किल्ला झाला नाहीं असें जुनें मराठी घर विरळा. तेव्हां या छंदाची निंदा मी करावयास बसलेलों नाहीं. ज्याला मोठें जग हातांत धरतां येत नाहीं तो तें लहान करून पाहतो, आणि त्यांत त्याला समाधान लाभतें. अण्णांना तें पुरेपूर लाभलें.

परंतु ज्या पदार्थांनीं हीं लहान जगें रंगलीं ते पदार्थ निरुपद्रवी नव्हते. आपल्या जुन्या चित्रकारांचे रंग आठवा. तांबडा हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचा संयोग. पिवळा हरताळ म्हणजे सोमल आणि गंधक यांचा. पोथी लिहितांना चूक झाली कीं तिच्यावर हरताळ फांसून लेखक पुन्हां लिहीत असे. केल्या कामावर पाणी फिरलें कीं हरताळ फासला असें आपण अजून म्हणतों, तें त्यावरूनच. शेंदूर आणि पांढरा सफेता हे दोन्ही शिशापासून होतात. म्हणजे तांबडा, पिवळा, केशरी आणि पांढरा या चारही वाट्यांत विष होतें, आणि कुंचला फिरत होता तो कारागिराच्या ओठांजवळून.

हें प्राचीनांना अजिबात ठाऊक नव्हतें असें नाहीं. रोमन ग्रंथकार प्लिनी, जो इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या उद्रेकांत मरण पावला, त्यानें लिहून ठेवलें आहे कीं, हिंगूळ कुटणारे कामकरी जनावराच्या मूत्राशयाचें पातळ कातडें तोंडावर बांधीत. त्यांतून दिसत असे आणि पूड नाकांत जात नसे. म्हणजे तोंड झांकण्याची युक्ति दोन हजार वर्षांपूर्वींची आहे. पण ज्ञान एका कारखान्याच्या भिंतींत राहिलें कीं त्याचा जगाला उपयोग होत नाहीं. पुढें सोळाव्या शतकांत जर्मनीचा अ‍ॅग्रिकोला यानें खाणींवर मोठा ग्रंथ लिहिला. तो १५५६ सालीं छापून निघाला. खाणींतल्या धुळीनें माणसें इतक्या लवकर मरतात कीं कार्पेथियन डोंगरांत एकेका बाईनें सात सात नवरे केलेले आढळतात, असें त्यांत नमूद आहे.

या विषयाचा खरा आद्य आचार्य मात्र इटलींतला बेर्नार्दिनो रामात्सिनी हा वैद्य होय. त्याचा जन्म १६३३ सालचा. मोदेना शहरांत तो प्राध्यापक होता. त्याच्या घराचा मळकूप उपसावयास एक कामकरी आला होता. तो इतकी घाई कां करतो असें रामात्सिनीनें विचारलें, तेव्हां तो म्हणाला कीं या जागेंत अधिक वेळ राहिलें तर डोळे जातात, आणि ज्याला अनुभव नाहीं त्याला तें कळावयाचें नाहीं. त्याचे डोळे तांबडे आणि निस्तेज झालेले होते. हे बोल त्या विद्वानाच्या मनाला लागले. मग तो स्वतः कुंभार, कांचकाम करणारे, मुलामा देणारे, पाथरवट, रंगारी यांच्या दुकानांतून हिंडला आणि १७०० सालीं, म्हणजे साठी उलटल्यावर, त्यानें कारागिरांच्या रोगांवर आपला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. १७१३ मध्यें त्याची वाढविलेली आवृत्ति निघाली, आणि दुसऱ्याच वर्षीं तो वारला.

रामात्सिनीनें केलेली एक सुधारणा दिसावयास अगदीं लहान आहे. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटस यानें रोग्याला काय काय विचारावें तें सांगून ठेवलें होतें. रामात्सिनी म्हणाला कीं त्यांत आणखी एक प्रश्न घाला: तुझा धंदा कोणता? वैद्यानें श्रीमंताप्रमाणें गरिबाच्या घरींही तिवईवर बसावें, घाई न करतां हा प्रश्न विचारावा, असें तो सांगतो. आज सर्व जगांतले डॉक्टर हा प्रश्न विचारतात, आणि तो अण्णांनाही प्रत्येकानें विचारला. पण रामात्सिनीच्या काळीं माणूस पोटासाठीं जें करी तेंच तो हातानें करी; हौसेसाठीं दुसरें काम करण्याइतकी फुरसत फार थोड्यांना असे. आज कचेरींतला कारकून रात्रीं पाथरवट होतो, शाळामास्तर रविवारीं रंगारी होतो, आणि बँकेंतला मनुष्य आपल्या गच्चीवर डाक लावीत बसतो. धंद्याचा प्रश्न या माणसांच्या दुसऱ्या हातापर्यंत पोंचत नाहीं.

पाथरवटांविषयीं रामात्सिनीनें आपल्या आधीच्या एका डच वैद्याचा अनुभव सांगितला आहे. मेलेल्या पाथरवटाचें फुप्फुस कापतांना सुरी जणूं वाळूच्या ढिगांतून चालली आहे, असें त्याला वाटलें. ही वाळू म्हणजे गारगोटीचाच अंश. तिला शास्त्रांत सिलिका म्हणतात. आपल्याला वाटतें कीं डोळ्यांना दिसते ती धूळ वाईट. वस्तुस्थिति उलट आहे. जाड कण नाकांत अडकतो, शिंक येते, खाकरा येतो. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून बारीक असलेला कण दिसतही नाहीं आणि अडकतही नाहीं. तो थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशवींत जाऊन बसतो. तेथल्या रक्षक पेशी त्याला गिळतात, पण पचवूं शकत नाहींत. त्या स्वतः मरतात, आणि त्यांच्या जागीं वण उरतो. वणावर वण चढत गेले कीं फुप्फुस ताठ होतें. हे वण पुन्हां विरत नाहींत. अशा फुप्फुसांत क्षयही लवकर शिरतो, आणि म्हणून एक रोग दुसऱ्याच्या आड लपतो. अण्णा गारगोटी वस्त्रगाळ करीत, म्हणजे जाड आणि त्यामानानें निरुपद्रवी कण चाळून टाकून देत आणि घातकी तेवढे जपून ठेवीत. कारागिराच्या दृष्टीनें जी सुबकता, तीच प्रकृतीच्या दृष्टीनें सर्वांत वाईट.

या संबंधांत एक गोष्ट वाचून मी मास्तर या नात्यानें फार अस्वस्थ झालों. ज्या पाटीवरच्या पेन्सिलीनें आपण सर्व श्री गणेशा शिकलों, त्या पेन्सिलींचें मोठें केंद्र मध्यप्रदेशांत मंदसोर हें आहे. तेथें दगडाच्या चिपा विजेच्या करवतींवर कापून पेन्सिली करीत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-स्वास्थ्य संस्थेनें तेथल्या कामकऱ्यांची तपासणी केली. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षाप्रमाणें तपासलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोकांच्या फुप्फुसांत सिलिकेचे वण होते, आणि त्यांतले बहुतेक ऐन उमेदींतले होते. मीं पस्तीस वर्षें त्या पेन्सिली वर्गांत वांटल्या. त्या कोणाच्या श्वासावर तयार होतात हें मला एकदांही कोणी सांगितलें नाहीं, आणि मींही विचारलें नाहीं.

आतां कुंचल्याची गोष्ट ऐका. १९१७ च्या सुमारास अमेरिकेंत न्यूजर्सी प्रांतांतल्या ऑरेंज गांवीं घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारांत चमकणारे आंकडे रंगविण्याचा कारखाना निघाला. त्या रंगांत रेडियम होतें. कामाला तरुण मुली होत्या. आंकडे इतके बारीक कीं कुंचल्याला सुईसारखें टोक हवें. म्हणून तो ओठांत धरून टोक काढावयास त्यांना शिकविलें होतें. रंग अपायकारक नाहीं असें त्यांना सांगण्यांत आलें. कित्येकींनीं तर गंमत म्हणून तो नखांना आणि दांतांनाही लावला. थोड्याच वर्षांत त्यांचे दांत पडूं लागले, जबड्याचीं हाडें कुजूं लागलीं. १९२४ मध्यें न्यूयॉर्कच्या एका दंतवैद्यानें या जबड्याच्या रोगाची नोंद केली, आणि पुढच्या वर्षीं हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरानें त्याचा रेडियमशीं असलेला संबंध दाखवून दिला. पांच मुलींनीं कारखान्यावर फिर्याद केली. ती १९२८ सालीं तडजोडीनें मिटली.  आम्हां छंदिष्टांच्या रंगांत रेडियम नाहीं हें खरें. पण ओठांत धरलेल्या कुंचल्यावरून रंग पोटांत जातो, ही वाट तीच आहे. अण्णांना ही खोड कोणी शिकविली नव्हती. बारीक काम करणाऱ्या प्रत्येक हाताला ती आपोआप लागते.

तिसरा धोका चिकटविण्याच्या पदार्थांचा. पूर्वीं सुताराचा सरस कातड्या-हाडांपासून होई आणि गरम पाण्यांत विरघळे; त्याला वास येई, पण विष नव्हतें. विसाव्या शतकांत भराभर सुकणारे गोंद आले. ते सुकतात याचा अर्थ त्यांतला द्रव हवेंत जातो, आणि बंद खोलींत ती हवा आपण घेतों. जपानांत १९५८ च्या सुमारास घरोघरीं बायका सपाता चिकटवीत. त्या गोंदांत बेंझीन होतें. त्याच्या वाफेनें रक्त तयार होण्याचेंच थांबून कांहीं बायका मेल्या, आणि १९५९ सालीं तेथल्या सरकारनें तशा गोंदावर बंदी घातली. पण कथा येथें संपली नाहीं. बेंझीन गेलें आणि त्याच्या जागीं हेक्सेन नांवाचा दुसरा द्रव आला. थोड्याच वर्षांत टोकियोच्या मिकावाशिमा भागांत सपाता करणाऱ्यांचे हातपाय लुळे पडूं लागले, कारण या नव्या द्रवानें मज्जातंतूच बिघडत होते. एका विषाची हकालपट्टी करून आपण दुसऱ्याला घरांत घेत नाहीं ना, हें पाहावयास हवें. आणि हेंही ध्यानांत घ्या कीं हीं माणसें कारखान्यांत नव्हतीं. तीं आपापल्या घरांत, पोराबाळांमध्यें, खिडक्या लावून बसलेलीं होतीं.

कारखान्यांतल्या माणसाची कांहींतरी काळजी घेणारा कोणी हळूहळू निर्माण झाला. इंग्लंडांत १८९८ सालीं टॉमस लेग या डॉक्टराची कारखान्यांचा पहिला वैद्यकीय निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. कुंभारकामाच्या शिसेंमिश्रित लुकणानें होणाऱ्या विषबाधेशीं तो आयुष्यभर झगडला. इमारतींच्या आंतल्या रंगांत सफेता वापरूं नये असा आंतरराष्ट्रीय करार १९२१ सालीं झाला. आपल्या सरकारनें त्याला मान्यता दिली नाहीं म्हणून लेगनें १९२६ मध्यें आपली जागा सोडली. ज्या पदार्थाशीं कामकऱ्याचा संबंध येतो त्याचा धोका त्याला आधीं सांगावा, जीव गमावून तो त्याला शोधावयास लावूं नये, असें त्याचें म्हणणें होतें. आपल्याकडे १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें शिशाची बाधा, सिलिकेचा रोग अशा कित्येक रोगांची खबर सरकारला देणें डॉक्टरांवर बंधनकारक केलें. घरगुती रंगांतल्या शिशावर मर्यादा मात्र फार उशिरा आली. दहा लक्ष भागांत नव्वद भागांहून अधिक शिसें असूं नये हा नियम २०१६ सालीं झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरापासून लागू झाला. म्हणजे रामात्सिनीच्या ग्रंथानंतर तीनशें सोळा वर्षांनीं.

परंतु या सर्व कायद्यांच्या कुंपणाबाहेर एक मनुष्य उभा आहे, आणि तो म्हणजे हौशी मनुष्य. त्याच्यावर मालक नाहीं, म्हणून निरीक्षकही नाहीं. त्याला पाळी संपल्याची घंटा नाहीं. रात्रीचे दोन वाजेपर्यंत तो घासत बसला तरी त्याला कोणी उठवीत नाहीं. त्याचें कोणी वेतन कापीत नाहीं, तसें त्याला कोणी तोंडझांकणही देत नाहीं. धंद्यांतला कारागीर कामाला कंटाळून तरी बाहेर हवेंत येतो. हौशी माणसाला कंटाळा येत नाहीं, आणि त्यामुळें तो अधिक वेळ धुळींत राहतो. म्हणून माझें म्हणणें इतकेंच कीं ज्याला छंद आहे त्यानें स्वतःच स्वतःचा निरीक्षक व्हावें, आणि त्याच्या मित्रांनीं त्याचे पंच व्हावें. मी अण्णांचा रसिक झालों. पंच झालों नाहीं.

यासाठीं करावयाचें तें फार अवघड नाहीं. घासकाम कोरडें न करतां पाण्यानें ओलें करून करावें; ओली धूळ उडत नाहीं. खिडकी उघडी ठेवावी आणि आंतली हवा बाहेर फेंकणारा पंखा बसवावा. काम झाल्यावर केरसुणी मारूं नये, ओल्या फडक्यानें मेज पुसावें. गारगोटी घरीं कुटण्याचा मोह टाळावा. रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाहीं. एन-९५ जातीचा मास्क नीट बसविला तर अडते. मात्र थिनरची वाफ त्या मास्कनेंही अडत नाहीं, तिला कोळशाची डबी असलेला निराळा मुखवटा लागतो, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. शक्य तेथें पाण्यांत मिसळणारे रंग घ्यावे. थर्माकोल तापल्या तारेनें कापावयाचा तर गच्चीवर जाऊन कापावा. कुंचल्याचें टोक ओल्या चिंधीवर काढावें. कामाच्या मेजावर चहाचा पेला ठेवूं नये, हात धुतल्यावांचून तोंडाला लावूं नये, आणि लहान मुलांना त्या खोलींत झोंपवूं नये. सर्वांत शेवटचें आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं डॉक्टरांनीं धंदा विचारला तर धंदा सांगून थांबूं नये. आपले हात दिवसभर आणि रात्रीं कशांत असतात तें सर्व सांगावें. रामात्सिनीचा प्रश्न अपुरा पडला तर उत्तर तरी अपुरें असूं नये.

अण्णांचें शेवटचें काम अर्धें राहिलें आहे. तें आमच्या गांवच्या जुन्या गांवकुसाची प्रतिकृति करीत होते. मंगळवेढ्याच्या इतिहासांत या गांवकुसाला एक वेगळें स्थान आहे. शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ सालीं कुसाचें बांधकाम चाललें असतां भिंत कोसळली आणि तिच्याखालीं सांपडून कित्येक मजूर मेले. त्यांत संत चोखामेळा होते. ज्यांच्या वाणीनें पंढरीच्या देवालाही आपल्या दारीं उभें केलें, त्या महापुरुषाला समाजानें भिंत बांधण्याच्या कामाला जुंपलें होतें, आणि त्या भिंतीनेंच त्यांचा घांस घेतला. मीं ही कथा वर्गांत शेंकडों वेळां सांगितली, पण भक्तीची कथा म्हणून सांगितली. ती कामावर मेलेल्या माणसांचीही कथा आहे, हें मला अण्णांच्या अर्धवट भिंतीपुढें बसल्यावर कळलें.

परंपरा सांगते कीं ही वार्ता पंढरपुरास पोंचतांच नामदेवराय मंगळवेढ्यास आले. ढिगाऱ्याखालीं हाडें एकमेकांत मिसळलेलीं होतीं. नामदेवांनीं एकेक अस्थि कानाशीं धरली. जिच्यांतून विठ्ठलनाम ऐकूं आलें त्या अस्थि त्यांनीं निवडल्या आणि पंढरपुरीं महाद्वारापुढें चोखोबांची समाधि बांधली. चमत्कार बाजूस ठेवून पाहिलें तरी त्या कृतींतला भाव सर्वांना समजण्यासारखा आहे. आपला सोबती कामाखालीं गेला, तर मागें राहिलेल्यानें तेथें जावें, ढिगारा उपसावा, काय झालें तें नीट कान देऊन ऐकावें आणि त्याचें नांव येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल अशा जागीं ठेवावें. चोखोबांबरोबर जे इतर मेले त्यांना मात्र नामदेव लाभला नाहीं, आणि त्यांचीं नांवें कोणी लिहून ठेवलीं नाहींत. मंदसोरच्या कामकऱ्यांचें आणि मिकावाशिमाच्या बायकांचेंही तसेंच झालें आहे.

अण्णांच्या घरच्यांनीं तें अर्धें गांवकूस मला दिलें आहे. तें पूर्ण करावें कीं नाहीं याचा मीं पुष्कळ दिवस विचार केला. आतां मी रोज सकाळीं तासभर त्यावर काम करतों. दगडाचा पोत आणावयास गारगोटीऐवजीं शाडूची माती घेतली आहे. ती तितकी चमकत नाहीं. घासतांना ती ओली करावी लागते, म्हणून काम सावकाश होतें. एखादे वेळीं वाऱ्यानें रंगावर कचरा येऊन बसतो आणि तो चिमट्यानें उचलावा लागतो. पण खिडकी मी लावीत नाहीं.